कोटणीसांना घरी आणणाऱ्या लेखकासाठी एक भिंत द्या

प्रति,
मा. आयुक्त आणि सर्व लोकप्रतिनिधी,
सोलापूर महानगरपालिका, सोलापूर.

विषय : डॉ. कोटणीस स्मारकात पटकथाकार ख्वाजा अहमद अब्बास यांना जागा मिळण्याबाबत.

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षक आहे. नोकरीच्या शेवटच्या काही वर्षांत नववीचा वर्ग घेऊन मी भैया चौकातल्या डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या घरी, म्हणजे आताच्या स्मारकात, जात असे. मुले चपला काढून रांगेने आत यायची आणि मी सांगायला लागायचो. जन्म याच गावातला, १० ऑक्टोबर १९१०. डॉक्टरकी मुंबईत, जी. एस. मेडिकल कॉलेजात. जपानी सैन्याशी झुंजणाऱ्या चीनने वैद्यकीय मदत मागितली तेव्हा सुभाषबाबू काँग्रेसचे अध्यक्ष होते. सप्टेंबर १९३८ मध्ये मुंबईहून पाच डॉक्टरांचे पथक बोटीने निघाले : अटल, चोळकर, मुखर्जी, बसू आणि आपले कोटणीस. चौघे परत आले. कोटणीस तिकडेच राहिले, आघाडीवरच्या जखमींवर शस्त्रक्रिया करत राहिले. तिथल्याच क्वो छिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केले. मुलगा झाला, त्याचे नाव यिनहुआ. यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. मुलगा जेमतेम साडेतीन महिन्यांचा असताना, ९ डिसेंबर १९४२ ला, अपस्माराच्या झटक्यांनी ते गेले. वय ३२.

इथवर आलो की मुले गप्प होत. एका वर्षी मात्र मागच्या रांगेतल्या एका मुलीने विचारले, "सर, ते तर परतच आले नाहीत. मग हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं?"

मी तिला वर्तमानपत्रे, पत्रे, चित्रपट असे काहीतरी मोघम सांगितले आणि रांग पुढे सरकवली. प्रश्न मोलाचा होता आणि मी तो घाईत उडवून लावला, याची बोच अजून गेलेली नाही. हे पत्र त्या मुलीला द्यायचे राहिलेले उत्तर आहे. ते तुमच्या नावाने लिहितो आहे, कारण ते उत्तर त्या स्मारकाच्या भिंतीवर लागावे असे मला मनापासून वाटते.

त्या पथकातले डॉ. बसू १९४३ मध्ये मायदेशी आले. पुढच्याच वर्षी मुंबईतल्या एका तरुण पत्रकाराचे इंग्रजी पुस्तक प्रसिद्ध झाले. नाव होते 'अँड वन डिड नॉट कम बॅक'. एक जण परतला नाही. लेखक ख्वाजा अहमद अब्बास. त्याच पुस्तकावरून १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी राजकमल कलामंदिरातर्फे 'डॉ. कोटणीस की अमर कहानी' काढला. कोटणीसांची भूमिका स्वतः शांतारामांनी केली, छिंगलानची जयश्रीबाईंनी, संगीत वसंत देसाईंचे. पटकथा अब्बास आणि वसंत साठे यांनी मिळून लिहिली. हे साठे म्हणजे व्ही. पी. साठे. आपल्या मराठी माणसाला त्यांचे नाव तरी ठाऊक असायला हवे होते, पण तेही राहून गेले.

अब्बासांचा जन्म ७ जून १९१४ चा. म्हणजे ते कोटणीसांपेक्षा चारच वर्षांनी लहान. डॉक्टर गेले ते बत्तिसाव्या वर्षी, आणि अब्बासांनी त्यांची गोष्ट पडद्यावर आणली तेव्हा त्यांचेही वय तेवढेच होते. एका पिढीची ही दोन माणसे. एक शस्त्रक्रियेची अवजारे घेऊन हजारो मैल गेला, दुसरा टंकलेखन यंत्रापुढे बसून राहिला, आणि पहिल्याचे जाणे वाया जाऊ नये याची काळजी दुसऱ्याने घेतली.

त्या चित्रपटातला शेवटचा प्रसंग मी वर्गात अनेकदा सांगितला आहे. मरणाला टेकलेला नायक बायकोला सांगत असतो की तू माझ्या घरी जाशील तेव्हा तुला काय काय दिसेल. ते ऐकताना सोलापूरच्या माणसाच्या घशात आवंढा येतो. प्रत्यक्षात कोटणीसांची समाधी चीनमध्ये आहे, शिजियाझुआंग शहरात. पण या एका प्रसंगात ते घरी येतात. त्यांना घरी आणले ते लेखकाने. चित्रपटात कल्पनेची भर आहे, हे मुलांना दाखवताना स्पष्ट सांगायला हवे, आणि मी सांगतही असे. तरी त्या प्रसंगापुढे माझी तक्रार टिकत नाही.

आता हा लेखक कोण, तेही सांगतो.

पानिपत म्हटले की आपल्या मनात १७६१ उभे राहते. 'पानिपत झाले' असे आपण बोलताना सहज म्हणतो. त्याच पानिपतात, उर्दूतले मोठे कवी अल्ताफ हुसेन हाली यांच्या घराण्यात अब्बास जन्मले. अलीगढला शिकले, वकिलीची पदवी घेतली, पण शिकत असतानाच विद्यार्थ्यांचे साप्ताहिक काढून बसले होते, त्यामुळे पाय कोर्टाकडे वळणार नव्हते. १९३५ मध्ये मुंबईत 'बॉम्बे क्रॉनिकल'मध्ये रुजू झाले आणि तिथे चित्रपटांची परीक्षणे लिहू लागले. त्यांचे 'लास्ट पेज' हे सदर आधी 'क्रॉनिकल'मध्ये आणि मग 'ब्लिट्झ'मध्ये चालले. १ जून १९८७ ला ते गेले, तोवर चार दशकांहून अधिक काळ हे सदर चालू होते. चित्रपट पडो की चालो, खिशात पैसे असोत की नसोत, त्या पानावर त्यांचा मजकूर असायचाच.

१९४३ मध्ये मुंबईत इप्टा, म्हणजे भारतीय जननाट्य संघ, उभा राहिला. त्याच्या स्थापनेत अब्बास होते. त्याच वर्षी बंगालात दुष्काळ पडला आणि लाखो माणसे अन्नावाचून मेली. इप्टाच्या लोकांना घेऊन अब्बासांनी त्यावर 'धरती के लाल' दिग्दर्शित केला. बलराज साहनी, शंभू मित्र, तृप्ती मित्र यांच्या भूमिका, रविशंकरांचे संगीत. तो चित्रपट १९४६ चा. चेतन आनंद यांच्या 'नीचा नगर'च्या पटकथालेखनातही अब्बास होते, तोही १९४६ चा, आणि त्याला कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्काराचा वाटा मिळाला. आपल्या कोटणीसांचा चित्रपटही १९४६ चाच. भुकेलेली बंगालची माणसे, घाण पाण्याने आजारी पडणारी खालची वस्ती, परक्या देशात मेलेला सोलापूरचा डॉक्टर. एका लेखकाने एका वर्षात या तिन्ही गोष्टी देशापुढे ठेवल्या. स्वातंत्र्य अजून एक वर्ष लांब होते. 'चळवळीतला कार्यकर्ता' हा शब्द आपण मोर्च्यात चालणाऱ्यासाठी वापरतो, आणि ते रास्तच आहे. मला मात्र १९४६ साल आठवले की वाटते, हा माणूस लिहिता लिहिताच मोर्च्यात चालत होता.

इथे थोडे घरचे सांगतो. माझे वडील गिरणीत साचेखात्यात होते. दुसरी पाळी सुटली की रात्रीच्या खेळाला जाणारे त्यांचे टोळके होते. 'आवारा' आणि 'श्री ४२०' त्यांनी किती वेळा पाहिले याचा त्यांनाच हिशेब नव्हता. 'श्री ४२०' मध्ये गरिबांना शंभर रुपयांत घर देतो म्हणून लुबाडणारा एक सेठ आहे. आमच्या चाळीत ती गोष्ट काल घडल्यासारखी सांगितली जायची. दहा बाय दहाच्या खोलीत आठ जण झोपणाऱ्या माणसांना शंभर रुपयांतल्या घराचा मोह काय असतो, हे समजावून सांगावे लागत नाही. वडिलांना राज कपूर ठाऊक होता, गाणी तोंडपाठ होती. पण या दोन्ही चित्रपटांच्या लेखनात अब्बास आणि साठे होते, हे मला फार उशिरा, स्वतः वाचायला लागल्यावर कळले. तोवर गिरणीचा भोंगा बंद झाला होता आणि वडीलही राहिले नव्हते. त्यांना हे नाव सांगता आले असते तर त्यांनी ते ओट्यावर बसून सगळ्या चाळीला सांगितले असते.

राज कपूरसाठी लिहून मिळालेला पैसा अब्बास स्वतःच्या चित्रपटांत घालत, आणि ते चित्रपट बहुतेक वेळा चालत नसत. १९५४ चा 'मुन्ना' त्यांनी गाण्यांशिवाय काढला. त्या काळी असे धाडस करणारे विरळाच. 'शहर और सपना' हा मुंबईत घर न मिळाल्याने सिमेंटच्या पाइपात संसार मांडणाऱ्या जोडप्याचा चित्रपट. १९६३ च्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठीचे राष्ट्रपती सुवर्णपदक त्याला मिळाले. कुंभारीला विडी कामगार बायांची १० हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत ज्यांनी उभी राहताना पाहिली, त्यांना हा चित्रपट कुणी समजावून सांगायची गरज नाही. विड्या वळता वळता हप्त्याचे पैसे बाजूला काढणाऱ्या बाईला पाइपातला संसार काय असतो ते माहीत असते. हा चित्रपट एकदा कुंभारीला, उघड्यावर पडदा लावून दाखवावा, ही माझी जुनी इच्छा आहे.

त्यांच्या सगळ्याच चित्रपटांची मी तारीफ करणार नाही. काही ठिकाणी पात्रे बोलायच्या ऐवजी भाषण करतात, सांगायचे ते दोनदा सांगतात. इतका तळमळीचा माणूस कधी कधी प्रेक्षकावर पुरता विश्वास टाकत नाही असे वाटते. पण तळमळ खोटी नव्हती, आणि ती कुठवर जात होती हे न्यायालयातल्या एका प्रकरणातून दिसते.

१९६८ मध्ये त्यांनी 'चार शहर एक कहानी' नावाचा छोटा माहितीपट केला. मुंबई, कलकत्ता, मद्रास, दिल्ली. एका बाजूला गगनचुंबी इमारती, दुसऱ्या बाजूला फुटपाथ, आणि वेश्यावस्तीतली काही दृश्ये. सेन्सॉरने सर्वांसाठीचे प्रमाणपत्र नाकारले, दृश्ये कापायला सांगितली. अब्बास सर्वोच्च न्यायालयात गेले. सुनावणी सुरू असताना सरकारने माघार घेतली आणि काहीही न कापता हवे ते प्रमाणपत्र देऊ केले. दुसरा कुणी असता तर चित्रपटाचे डबे उचलून घरी गेला असता. अब्बास थांबले. प्रश्न माझ्या एका चित्रपटाचा नाही, चित्रपट दाखवण्याआधीच सरकारने तपासावा का, हा आहे, असे म्हणून त्यांनी अर्ज दुरुस्त करून घेतला आणि खटला चालवला. सप्टेंबर १९७० मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या खंडपीठाने निकाल दिला. पूर्वतपासणी घटनाबाह्य नाही, असे न्यायालयाने ठरवले. म्हणजे अब्बास हरले. पण तपासणीला ठरावीक मुदत हवी, तिच्याविरुद्ध सरकारखेरीज दुसरीकडे दाद मागता यायला हवी आणि कला व अश्लीलता यांतला फरक नियमांत दिसायला हवा, या गोष्टी त्याच निकालातून पुढे आल्या. अपिलासाठीचे न्यायाधिकरण १९८३ मध्ये आले. २०२१ मध्ये ते मोडीतही निघाले, आणि आज दिग्दर्शकाला पुन्हा थेट उच्च न्यायालय गाठावे लागते. कायद्याच्या पुस्तकांत हा खटला अब्बासांच्याच नावाने ओळखला जातो. आपल्या विधी महाविद्यालयातली मुले तो परीक्षेला वाचतात, पण हाच माणूस कोटणीसांचा चरित्रकार आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

आता आपल्या गावाकडे येतो.

सोलापूरला अब्बास परके वाटायचे काही कारण नाही. १९३० मध्ये इंग्रजांनी सोलापुरात लावलेल्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात जे चौघे फासावर गेले, त्यांची नावे आपण एका दमात घेतो : मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. चार घरे, चार जाती-धर्म, एक फास. यातले कुर्बान हुसेन वृत्तपत्र चालवत आणि गिरणी कामगारांत काम करत. चार पुतळ्यांपाशी उभे राहून मी मुलांना सांगे की यातला एक लेखणीचा माणूस होता. अब्बास याच जातकुळीतले.

१९६९ मध्ये गोवामुक्तीवर अब्बासांनी 'सात हिंदुस्तानी' काढला. अमिताभ बच्चन यांचा तो पहिला चित्रपट, म्हणून लोकांना तेवढाच लक्षात राहतो. मला त्यातली दुसरी गोष्ट मोलाची वाटते. अब्बासांनी मुद्दाम एका प्रांताच्या नटाला दुसऱ्या प्रांताची भूमिका दिली. बंगालचे उत्पल दत्त त्यात पंजाबी आहेत, केरळचे मधू बंगाली. माणसाला त्याच्या बोलीवरून आणि नावावरून एका खणात बंद करू नका, एवढेच त्यांना दाखवायचे होते. सोलापूरच्या माणसाला हे रोजचेच आहे. आमच्या गल्लीत एका घरात तेलुगू, पलीकडे कन्नड, समोर उर्दू, आणि भांडण झाले की सगळ्यांचे मराठी. चादर विणणारा, ती विकणारा आणि तिचा गठ्ठा उचलणारा वेगवेगळ्या भाषेत मोजतो आणि आकडा मात्र जुळतो.

म्हणून माझी विनंती अशी.

कोटणीस स्मारकात एक भिंत या लेखकासाठी द्यावी. पुतळा नको, अर्धपुतळाही नको. १९४४ चे पुस्तक, त्यावरून झालेली पटकथा, १९४६ चा चित्रपट, हा प्रवास चित्रांसह सांगणारी एक भिंत. त्यावर अब्बासांबरोबर वसंत साठे यांचेही नाव असावे. मजकूर मराठी, कन्नड, तेलुगू आणि उर्दू अशा चारही भाषांत असावा, म्हणजे नातवाला घेऊन आलेल्या आजीला तो आपल्या लिपीत वाचता येईल. भिंतीच्या वरच्या बाजूला त्या मुलीचा प्रश्न लिहावा : 'मग हे सगळं आपल्याला कुणी सांगितलं?' मुलांना उत्तराआधी प्रश्न दिसला तर ती थांबून वाचतात, हा माझा वर्गातला अनुभव आहे.

९ डिसेंबरला स्मारकात हार घातले जावेतच. पण त्या संध्याकाळी तो चित्रपट मोठ्या पडद्यावर दाखवला जावा. हुतात्मा स्मृती मंदिर मिळाले तर फारच उत्तम. आज तो मोबाइलवरही पाहता येतो हे मला माहीत आहे. पण चारशे माणसांत बसून आपल्या गावाचे नाव पडद्यावर ऐकणे वेगळे. पुण्याला राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय आहे. महापालिकेने रीतसर पत्र लिहून जुन्या हिंदी चित्रपटांच्या चांगल्या प्रतीबद्दल तिथे चौकशी करावी.

आणि सगळ्यांत महत्त्वाचे. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर, महापालिकेच्या शाळांतल्या मुलांसाठी स्मारकाच्या आवारात आठ दिवसांचे लेखन शिबिर भरवावे. पटकथा म्हणजे काय हे शिकवणारी माणसे आता आपल्या जिल्ह्यातच आहेत. करमाळ्याच्या मातीतून आलेल्या नागराज मंजुळे यांनी दाखवून दिले की आपल्या बोलीतली, आपल्या वस्तीतली गोष्ट सगळ्या महाराष्ट्राला खुर्चीला खिळवून ठेवते. शिबिरात प्रत्येक मुलाने आपल्या गल्लीतल्या एका माणसाची गोष्ट लिहावी. गिरणीतून बाहेर पडल्यावर भाजीची गाडी लावणारे आजोबा, विड्यांचे सूप मांडीवर घेऊन तीन मुली शिकवणारी आई, यंत्रमागाच्या खडखडाटात कान गेलेला मामा. या माणसांवर पुस्तक लिहायला मुंबईहून कुणी येणार नाही. अब्बास कोटणीसांपर्यंत पोहोचले कारण बातमी देशभर गेली होती. आपल्या गल्लीतली बातमी गल्लीबाहेर जात नाही. ती त्या गल्लीतल्या पोरानेच लिहायला हवी, आणि लिहायची कशी हे त्याला वेळेवर कुणीतरी शिकवायला हवे.

खर्चाचा प्रश्न निघेल. भिंतीचा खर्च फार नाही. शिबिरासाठी मानधन न घेता येणारे चार-पाच निवृत्त शिक्षक मी आजच देऊ शकतो. त्यांच्याशी बोलूनच हे लिहितो आहे.

भिंतीवरच्या मजकुराचा मराठी खर्डा मी तयार केला आहे, दीड पानाचा आहे. आमच्या शेजारचे निवृत्त उर्दू शिक्षक त्याचा उर्दू मजकूर करत आहेत, तेलुगूसाठी माझ्या एका माजी विद्यार्थिनीच्या सासूबाई बसल्या आहेत. कन्नडसाठी माणूस शोधतो आहे. अक्कलकोटकडचे कुणी हे पत्र वाचत असतील तर त्यांनी जरूर मदत करावी. कार्यालयीन वेळेत कधीही बोलवा, तोवर तयार झालेले कागद घेऊन येतो.

आपला,
एक निवृत्त शिक्षक
सोलापूर